कपाटाची किल्ली

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, ३ जानेवारी रोजी, कसबा पेठेत झालेल्या आपल्या बैठकीत एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेनं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या दिवशी सावित्रीबाईंवर बोलायला माझ्याहून जाणत्या कितीतरी जणी इथं बसल्या आहेत. मी आयुष्यभर पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवलं. तेव्हा मला जे ठाऊक आहे त्यावरच बोलते. शिक्षकांसाठी विज्ञानाची आणि तंत्राची, हातानं करून बघायची शिबिरं भरतात, त्यांच्यावर. तुम्ही म्हणाल, हा विषय शिक्षणखात्याचा, बायकांच्या संघटनेत कशाला? तेच सांगायला आले आहे.

सुरुवात मात्र सावित्रीबाईंपासूनच करावी लागते. इथून चालत दहा मिनिटांवर, बुधवार पेठेत, भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. (स्मारकासाठी तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला.) रस्त्यातल्या शेणमाऱ्याची गोष्ट आपण सगळ्या जणी सांगतो. दुसरी एक गोष्ट आपण कमी सांगतो. ती म्हणजे त्यांनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये, असं चरित्रांत नोंदलेलं आहे. म्हणजे विचार करा, त्या काळात घरातली सून प्रशिक्षणासाठी गाव सोडून नगरला जाते. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं, कारण त्याला दीडशे वर्षं होत आली तरी आमच्या स्टाफरूममध्ये निवासी शिबिराचं पत्रक आलं की बाया एकमेकींकडे बघत आणि म्हणत, "घरी विचारून सांगते."

आणि जोतीराव. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं त्यात खेड्यातल्या शाळेचा शिक्षक कसा असावा हे सांगितलं आहे. वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा. निवेदन इंग्रजीत आहे आणि त्यात शिक्षक म्हणजे पुरुषच धरलेला आहे, पण ते सोडा. आज आपल्या शहरात कुठल्याही प्राथमिक शाळेत डोकावा, बहुतेक वर्गांवर बाई उभी दिसेल. मग माझा प्रश्न असा, की तिच्या हातात वाकस कुणी दिला का?

माझ्या हातात तो आला १९९४ च्या मे महिन्यात. एका संस्थेचं दहा दिवसांचं निवासी शिबिर होतं. आमच्या शाळेतून दोन नावं पाठवायची होती. मुख्याध्यापकांनी दोन सरांची नावं घातली. त्यातले एक तर इतिहास शिकवत! मी विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "बाई, दहा दिवस राहायचंय. तुम्हाला कसं जमणार?" त्यांचा स्वर अगदी काळजीचा होता. आम्हां बायकांना जमेल का हे आम्हालाच विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इतिहासाच्या सरांनी स्वतःच "बाईंना जाऊ द्या, मला गावी जायचंय" म्हटलं, म्हणून माझं नाव लागलं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दहा दिवस पोळ्या कोण लाटणार?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, मुलाला नाही. आमचा वाडा इथलाच, कुंभारवेशीकडचा. शेजारच्या काकूंनी पोळ्या करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा मी निघाले. एका बाईच्या शिक्षणासाठी दुसऱ्या बाईनं चूल सांभाळायची, हा हिशेब तुम्हाला सांगायला नकोच.

शिबिरात आम्ही चाळीसएक जण होतो. बाया नऊ. राहण्याच्या जागेपासून बायकांचं संडास-न्हाणीघर लांब, वाटेत दिवा नाही, आणि रात्रीचं सत्र साडेनऊला संपायचं. एक मुलगी, पंचविशीची असेल, अंगावर पिणारं बाळ आणि सोबतीला धाकटी बहीण घेऊन आली होती. तिला तिसऱ्या दिवशी परत जावं लागलं. तिच्या प्रमाणपत्राचं काय झालं कोण जाणे. शिबिराच्या अहवालात "काही शिक्षिका मध्येच निघून गेल्या" एवढं एक वाक्य होतं.

पहिल्या दिवशी पाचपाच जणांचे गट केले. प्रत्येक गटाला करवत, हातानं फिरवायचं ड्रिल, कानस, पत्रा कापायची कात्री. आमच्या गटात मी आणि चार सर. एका सरांनी ड्रिल उचललं, दुसऱ्यांनी पत्रा धरला आणि तिसरे मला म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर छान असेल, तुम्ही नोंदी घ्या." मी वही उघडली! मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बोलता बोलता कळलं की नवाच्या नवांनी दिवसभर नोंदी घेतल्या होत्या. मग आम्ही खूप हसलो, आणि हसून झाल्यावर जरा गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातली एक वयस्क बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, उठून प्रशिक्षकांना म्हणाली, "ज्याचं अक्षर वाईट त्यानं आज नोंदी घ्याव्यात, म्हणजे सुधारेल." त्या दिवसापासून अवजारं पाळीनं फिरायला लागली.

मी पहिल्यांदा ड्रिल धरलं तेव्हा पाट्याला भोक पडलं ते तिरकं. हात थरथरत होता. पत्र्यावर आधी खिळ्यानं खूण ठोकून घ्यायची, नाहीतर टोक घसरतं, हे दोन वेळा घसरल्यावर समजलं. पुस्तकात घर्षणाचा धडा मी दहा वर्षं शिकवत होते. घर्षण म्हणजे काय ते ड्रिलचं पातं तापून बोटाला चटका बसला तेव्हा अंगात शिरलं.

चौथ्या दिवशी मोटर केली. अरविंद गुप्तांनी देशभर पोचवलेली ती साधी मोटर तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा. त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना उभ्या लावायच्या, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी ताणून बसवायची. सेलवर मधोमध चुंबकाचा तुकडा. मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे दहाबारा वेढे घेऊन वेटोळं करायचं, त्याची दोन टोकं समोरासमोर बाहेर काढून पिनांच्या भोकांत अडकवायची. प्रशिक्षक म्हणाले, "सेफ्टी पिना आणायला माणूस बाजारात पाठवतो." आणि आम्ही बायकांनी एकदम हात वर केले. प्रत्येकीच्या बांगडीत तीनतीन चारचार पिना अडकवलेल्या! त्या दिवशी चाळीस जणांना पिना आम्ही पुरवल्या.

पण खरी गंमत तारेत आहे. तारेवरचा मुलामा एका टोकाला सगळीकडून खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाला तीनच बाजूंनी. चौथी बाजू तशीच ठेवायची. आमच्या गटानं दोन्ही टोकं चांगली लखलखीत केली, आणि वेटोळं नुसतं डोलत राहिलं. अर्ध्या फेरीत चुंबक त्याला पुढं ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत मागं. मुलामा ठेवलेल्या बाजूला प्रवाह तुटतो, तेवढ्यात वेटोळं आपल्याच वेगानं ती वाट ओलांडतं आणि पुन्हा ढकललं जातं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. दीड तास लागला, तीन वेळा तार बदलली, आणि शेवटी फिरलं तेव्हा मी ओरडले. चाळिशीची बाई, सगळ्यांदेखत ओरडले. विद्युतचलित्राची आकृती मी तोवर शेकडो वेळा फळ्यावर काढली होती, नावं देऊन.

इथं एक सांगते, नाहीतर गैरसमज होईल. बायकांसाठी म्हणून विज्ञानाचे कार्यक्रम होतात, त्यांचं नाव बहुतेक वेळा "स्वयंपाकघरातलं विज्ञान". मला त्याचा वैताग येतो. स्वयंपाकघरात विज्ञान आहेच. त्याच शिबिरात डाख देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, आधी राळ का लावायची हे सांगत होते. धातूवरचा गंज निघाल्याशिवाय कथील धरत नाही. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "म्हणजे कल्हईचा नवसागर!" बरोबरच होतं. भांडं तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, तांब्यावरचा थर सुटतो, मगच कथील पसरतं. ती जाण तिला होती आणि ती मोलाची आहे. पण त्या जाणिवेच्या जोरावर तिच्या हातात डाखाची कांब आली पाहिजे. नाहीतर "तुम्ही बायका जन्मजात शास्त्रज्ञ" असं कौतुक करून परत ओट्यापाशीच उभं करतात, तेही प्रमाणपत्र देऊन.

तर दहा दिवसांनी मी परत आले. आता कपाटाची गोष्ट.

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक मोठं लोखंडी कपाट होतं. त्याला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. आतल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. जून महिन्यात मी किल्ली मागितली, सातवीच्या पोरींच्या हातात परीक्षानळ्या आणि थर्मामीटर दिले. एका तासात चार नळ्या आणि एक थर्मामीटर फुटला. पारा फरशीवर सांडला, आणि तो हातानं गोळा करायचा नसतो, खिडक्या उघडून मुलींना बाहेर काढायचं असतं, हे मला शिबिरामुळं ठाऊक होतं म्हणून निभावलं. पण महिनाअखेरीला मला बोलावणं आलं. पाच वस्तूंची किंमत भरून द्या. मी भरली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, प्रयोग दाखवायचा असतो, करू द्यायचा नसतो." ते वाईट माणूस नव्हते. तपासणीला साहेब आले की फुटलेल्या नळीचा जाब त्यांनाच होता, आणि न वापरलेल्या नळीबद्दल मात्र कुणी कधी विचारत नव्हतं.

आणि ही भीती सगळ्यांना सारखी नसते. सरांच्या हातून काही मोडलं तर "चालायचंच". बाईच्या हातून मोडलं की "सांगितलं होतं". पगार घरी नेऊन द्यावा लागणारी बाई थर्मामीटरचे पैसे कुठल्या खर्चात दाखवणार? म्हणून ती खडूनं आकृती काढते. तिच्या वर्गातल्या मुली ती आकृती उतरवून घेतात. छान अक्षरात.

कार्यानुभवाचा तास आठवा. मुलगे विजेचं फिटिंग, फ्यूज बांधणं. मुली टाके, रुमाल, तोरण. आमच्याकडे कुणी नियम केला नव्हता, ते आपोआप तसं होतं. ह्याला उत्तर मला पाबळला सापडलं. शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात होते. ते सोडून त्यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचं ते एक केंद्र. तिथून शाळांसाठी जो अभ्यासक्रम निघाला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, त्याचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शाळेत आठवड्यातला एक दिवस त्याला. आणि मुख्य गोष्ट ही, की चारही भाग सगळ्यांनी करायचे. मुलगी वेल्डिंग करणार, मुलगा स्वयंपाक करणार, दोघं रक्तगट तपासायला शिकणार. कुणी समानतेवर भाषण देत नाही, वेळापत्रकच तसं आहे. आपण मोर्चे काढून जे मागतो त्यातला एक तुकडा तिथं वेळापत्रकात बसवलेला बघून मला बरं वाटलं. तिथंही मुलींना तंत्राच्या पूर्णवेळ अभ्यासाला पाठवायला पालक कचरतात, ते आहेच.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं, होशंगाबादचं. १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम. अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत इंजिनियर होते, ते १९७८ साली वर्षभराची रजा काढून तिथं गेले. त्यांची वाटच तिथून बदलली. पुढं २००३ पासून दहाएक वर्षं ते इथं आयुकाच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात होते. विदुला म्हैसकर आणि अशोक रूपनर ह्यांच्याबरोबर त्यांनी टाकाऊतून शेकडो खेळणी उभी केली. होशंगाबादला शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण तर व्हायचंच, पण मला महत्त्वाची वाटते ती दर महिन्याची बैठक. शाळेत काय अडलं, कोणता प्रयोग फसला, ते घेऊन शिक्षक जवळच्या केंद्रावर जमायचे. २००२ साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम, आणि एका आदेशानं मिटवलं.

आपल्याकडची बहुतेक शिबिरं एकदाच होतात. फोटो, प्रमाणपत्र, चहा. परत गेलेली बाई एकटी पडते, कपाटासमोर. महिन्यातून एक शनिवार दुपार, चालत जाता येईल अशा जागी, मुलं सोबत आणता येतील अशी बैठक, हे तिला दहा दिवसांच्या निवासी शिबिरापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. निवासी शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. घराबाहेर दहा रात्री राहणं हे स्वतःच एक शिक्षण आहे. पण मग पाळणाघर हवं, वाटेवर दिवा हवा, आणि नावं पाठवताना बाईला विचारायला हवं.

आता काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. २०१६ पासूनची केंद्राची योजना, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. सेन्सर, थ्री-डी प्रिंटर. निवृत्तीनंतर मी एका शाळेत बघायला गेले होते. प्रिंटरवर प्लॅस्टिकचं आवरण, त्याच्यावर धूळ. कपाट नवीन, किल्ली तिथंच. प्रशिक्षण कुणी घेतलं विचारलं, तर एका सरांनी घेतलेलं आणि त्यांची बदली झालेली. शेजारच्या वर्गातल्या विज्ञानाच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "आम्हाला आत यायला कुणी मना केलेलं नाही हो. पण बोलावलंही नाही."

मग आपण काय करायचं? शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या बाया. निम्म्या! आपल्या वस्तीतल्या किती जणी त्या समित्यांवर सह्या करतात आणि चहा पिऊन येतात, ते मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. विज्ञानाचं साहित्य ह्या वर्षी किती वेळा बाहेर निघालं? वापरताना जे फुटतं ते शाळेच्या खर्चातून भरायचा ठराव झाला आहे का? आणि प्रशिक्षणाला कुणाला पाठवलं? अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, पण विचारलेलं इतिवृत्तात येतं. पहिल्या वर्षी काही होणार नाही. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक तुम्हाला येताना पाहून किल्ली काढून ठेवतील.

आणखी एक. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, गावातल्या कारागिरांकडे जाऊन शिकायचे. कसबा पेठेइतकी त्याला सोयीची जागा कुठली? तांबट आळी इथंच, कुंभारवाडा इथंच. मी नोकरीत असताना एकदा पोरींना तांबट आळीत नेलं होतं. भांड्यावरचे मठाराचे ठोके त्यांना नक्षी वाटली. कारागीर म्हणाले, नक्षी आहेच, पण ठोक्यानं पत्रा कडक होतो. फार ठोकला तर तडकतो, म्हणून मधेमधे भट्टीत तापवून मऊ करून घ्यायचा. माझ्या पदवीच्या पुस्तकात ह्यावर दोन पानं होती, मला ती त्या दिवशी समजली. ठोकणारे सगळे पुरुषच दिसले. एका पोरीनं हातोडा मागितला, तर त्यांनी सरळ दिला. तिचा ठोका चुकला, पत्र्याला पोचा आला. ते म्हणाले, "असू दे, पुन्हा तापवू." तिथं डेडस्टॉक रजिस्टर नव्हतं! ह्या दहा दिवसांत मुलींना मेंदी आणि मुलांना वायरिंग असं वाटप होऊ नये, एवढ्यावर लक्ष ठेवा. होणार ते, कारण कुणी मुद्दाम करत नाही.

माझं बोलणं लांबलं. मागच्या टेबलावर सेल, चुंबक, तार आणि ब्लेडं ठेवली आहेत, चारचार जणींत एक संच. रबरी पट्ट्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं कापून दिल्या आहेत. सेफ्टी पिना तुमच्याकडे आहेतच. ब्लेड जपून धरा, आणि दुसऱ्या टोकाची एक बाजू खरवडायची नाही. नोंदी कुणीही घ्यायच्या नाहीत.